जावा अपग्रेडनंतर जीसीच्या सेटिंग्ज कशा निवडायच्या: सर्व्हरच्या कामात नव्याने आलेल्यांसाठी

जावा ८ वरून १७ किंवा २१ वर जायचं ठरलं की सगळ्यांचं लक्ष कोडकडे असतं. कंपाइल होतंय का, लायब्ररी चालतायत का, टेस्ट हिरव्या आहेत का. स्टार्टअप स्क्रिप्टमधली ती लांबलचक ओळ मात्र जशीच्या तशी पुढे जाते. जेव्हीएमला, म्हणजे जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेला, फ्लॅग म्हणजे सेटिंग्ज देणारी ही ओळ. जीसीच्या, म्हणजे निकामी वस्तूंची मेमरी मोकळी करणाऱ्या गार्बेज कलेक्शनच्या, सेटिंग्जही त्यातच. ती कुणी लिहिली, कुठल्या मशीनसाठी लिहिली, हे विचारायचं राहून जातं. कारण बहुतेक वेळा लिहिणारा माणूस केव्हाच दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

मी हिंजवडीतल्या एका ऑफिसात असताना आमच्याकडे पगारपत्रकांची एक सेवा होती. चाकण आणि रांजणगावच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या पगाराच्या स्लिपा त्यातून पीडीएफ होऊन निघायच्या. महिनाभर शांतता आणि शेवटचे दोन दिवस झुंबड. आम्ही जावा ८ वरून १७ वर आलो आणि त्याच रिलीजमध्ये व्हर्च्युअल मशीन सोडून कंटेनरमध्येही (ठरावीक सीपीयू-मेमरीच्या मर्यादेत सेवा चालवणाऱ्या पेटीत) आलो. पहिल्याच डिप्लॉयला जेव्हीएम उठेना. 'अनरेकग्नाइज्ड व्हीएम ऑप्शन' असं म्हणून थांबला. आम्ही तो फ्लॅग काढला, तर पुढच्यावर अडला. तोही काढला. असं करत पाच-सहा फ्लॅग उडवले, सेवा चालू झाली आणि सगळे घरी गेले. तीन आठवडे काहीच तक्रार नव्हती. तीस तारखेला सकाळी स्लिपा अडकायला लागल्या. सेवा मध्येच काही सेकंद गप्प बसायची, मग धावायची, परत गप्प. आमचा अर्धा दिवस डेटाबेसच्या क्वेरी तपासण्यात गेला. जीसीचा लॉग बघावा म्हटलं तर तो नव्हताच. उडवलेल्यांमध्ये लॉगचेच फ्लॅग होते.

कारण सापडलं ते असं: कंटेनरला आम्ही एकच कोर दिला होता, आणि तेवढ्यावरून जेव्हीएमने स्वतःच सीरियल कलेक्टर, म्हणजे एकाच थ्रेडने सफाई करणारा जीसीचा प्रकार, निवडला होता. कुणीही तो मागितला नव्हता. तो दिवस तुमच्यावर येऊ नये म्हणून हा लेख आहे.

एक सूचना आधीच. इथे फ्लॅगची नावं आपण ऑफिसात उच्चारतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना मूळ स्पेलिंग आणि कॅपिटल अक्षरं जशीच्या तशी लागतात. एक अक्षर चुकलं तरी जेव्हीएम उठणार नाही.

आधी एवढं समजून घ्या

प्रोग्रॅम चालताना ज्या वस्तू तयार होतात त्या हीपमध्ये राहतात. त्यातल्या बहुतेक लगेच निकामी होतात. एक रिक्वेस्ट येते, तिच्यासाठी शंभर छोट्या वस्तू तयार होतात, उत्तर गेलं की त्या कचरा. थोड्याच वस्तू टिकतात: कॅश, कनेक्शन, सेशन. घरातल्यासारखंच आहे हे. ओला कचरा रोज बाहेर जातो, आणि माळ्यावर जे चढतं ते दिवाळीच्या साफसफाईपर्यंत तिथेच राहतं. जीसीही असंच करतं. नव्या वस्तूंचा यंग भाग वारंवार आणि झटपट साफ होतो, टिकलेल्या वस्तू ओल्ड भागात चढतात आणि तो भाग क्वचित साफ होतो.

साफसफाई चालू असताना काही वेळ तुमचे सगळे थ्रेड थांबवावे लागतात. हाच पॉज. कलेक्टर-कलेक्टरमधला मुख्य फरक हा की कुठलं काम थ्रेड थांबवून करायचं आणि कुठलं प्रोग्रॅम चालू ठेवून त्याच्या बाजूला करायचं. बाजूला करायचं तर जास्त सीपीयू आणि जास्त मोकळी मेमरी लागते. एकूण काम जास्त उरकणं, पॉज लहान ठेवणं आणि मेमरी कमी वापरणं, यातल्या दोन गोष्टी धरल्या की तिसरी हातातून सुटते. पुढे जी निवड करायची आहे ती हीच, की तुमच्या सेवेत यातलं काय सोडलं तर चालेल.

पहिली पायरी: जुनी ओळ कोरी करा

हे धाडसाचं वाटतं, पण माझा अनुभव हाच की एकेक जुना फ्लॅग दुरुस्त करत बसण्यापेक्षा सगळे बाजूला ठेवून सुरुवात करणं सोपं जातं. ओळ फेकायची नाही. एका फाइलमध्ये जपून ठेवायची आणि प्रत्येक फ्लॅगसमोर लिहायचं की तो कशासाठी होता.

जावा ८ च्या काळातल्या ओळीत बहुतेक काय सापडतं ते सांगतो. सीएमएस कलेक्टर चालू करणारा फ्लॅग असतो. हा कलेक्टर जावा ९ मध्ये बाद होणार असं जाहीर झालं आणि मार्च २०२० मध्ये आलेल्या जावा १४ मध्ये काढून टाकला. जावा १४ नुसता इशारा देऊन आपला डिफॉल्ट कलेक्टर वापरायचा. १७ मात्र तो फ्लॅग दिसला की उठतच नाही. सीएमएसच्या सोबत त्याचं सगळं गोत असतं: पार-न्यू (यंग भागासाठीचा त्याचा जोडीदार), 'सीएमएस-इनिशिएटिंग-ऑक्युपन्सी-फ्रॅक्शन' वगैरे. तेही गेलं. मग लॉगचे फ्लॅग. जावा ९ मध्ये लॉगिंगची पूर्ण पद्धत बदलली. 'प्रिंट-जीसी-डेट-स्टॅम्प्स'सारखे जुने फ्लॅग आता चालत नाहीत, त्यांच्या जागी 'एक्स-लॉग' आहे.

सगळ्यात घातक फ्लॅग मात्र जेव्हीएम नाकारत नाही तेच. 'एक्स-एम-एन' बघा. यंग भाग किती मोठा ठेवायचा ते यात ठरवून दिलेलं असतं. पॅरलल (अनेक थ्रेडांनी, प्रोग्रॅम थांबवून सफाई करणारा कलेक्टर) किंवा सीएमएसच्या काळात हे लोक आवर्जून करायचे. जी-वन, म्हणजे नव्या जावातला नेहमीचा कलेक्टर, मात्र पॉजचं लक्ष्य सांभाळण्यासाठी यंग भाग स्वतः लहान-मोठा करत असतो. तुम्ही तो आकार खिळा ठोकून पक्का केलात की जी-वनच्या हातातलं मुख्य साधनच जातं. जेव्हीएम मुकाट्याने चालू होतो, कुठेही लाल अक्षर दिसत नाही, आणि पॉज मात्र लक्ष्याबाहेर जातात.

'इग्नोअर-अनरेकग्नाइज्ड-व्हीएम-ऑप्शन्स' नावाचा एक फ्लॅग आहे. तो टाकला की जेव्हीएम अनोळखी फ्लॅगकडे दुर्लक्ष करून उठतो. घाईत कुणीतरी तो सुचवेल. कृपा करून टाकू नका. जेव्हीएम ओरडतोय तोच तुमचा फायदा आहे.

फ्लॅग फक्त स्क्रिप्टमध्येच असतात असंही नाही. 'जावा-टूल-ऑप्शन्स' नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधूनही ते येतात, आणि जावा ९ पासून 'जेडीके-जावा-ऑप्शन्स'मधूनही. कंटेनरच्या बेस इमेजमध्ये कुणीतरी तिसऱ्याच टीमने हे भरून ठेवलेलं असू शकतं. सेवा उठताना पहिल्या ओळीत 'पिक्ड अप' असं काही दिसलं तर तिथे थांबून वाचा.

दुसरी पायरी: जेव्हीएमने काय निवडलंय ते डोळ्यांनी बघा

ओळ कोरी केल्यावर जेव्हीएम मशीन बघून स्वतः ठरवतो. जावा ९ पासून, म्हणजे २०१७ पासून, डिफॉल्ट कलेक्टर जी-वन आहे असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते खरं आहे, पण अर्धंच. जावा ९ पासून २५ पर्यंतच्या आवृत्त्यांत जेव्हीएमला निदान २ प्रोसेसर आणि साधारण २ जीबी मेमरी दिसली तरच जी-वन मिळतो. मेमरीची खरी सीमा १७९२ एमबी आहे. यातलं एक जरी कमी पडलं तरी सीरियल. आमचं तीस तारखेचं दुखणं हेच होतं. कंटेनरला मेमरी पुरेशी होती, पण कोर एक.

कंटेनरची सीपीयू लिमिट अपूर्णांकात असेल तर जेव्हीएम ती वर पूर्ण करतो. दीड कोर दिला तर त्याला दोन दिसतात, एक दिला तर एकच. लिमिट दिलीच नसेल तर नव्या आवृत्त्यांत अख्ख्या मशीनचे कोर दिसतात आणि जीसीचे थ्रेडही त्या हिशेबाने सुरू होतात.

तपासायचं कसं? जावाला 'प्रिंट-फ्लॅग्ज-फायनल' फ्लॅग देऊन आवृत्ती छापायला सांगा. शेकडो ओळी येतील, त्यातल्या 'युज' आणि 'जीसी' असलेल्या गाळून घ्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या किमतीचं मूळ लिहिलेलं असतं. 'डिफॉल्ट' म्हणजे कारखान्यातून आलेली किंमत. 'एर्गोनॉमिक' म्हणजे जेव्हीएमने मशीन बघून ठरवलेली. 'कमांड लाइन' म्हणजे तुम्ही दिलेली. 'एन्व्हायर्नमेंट' म्हणजे व्हेरिएबलमधून आलेली. नवख्या माणसाने या शेवटच्या शब्दाकडे बघायची सवय पहिल्या महिन्यातच लावून घ्यावी.

हे तुमच्या लॅपटॉपवर चालवू नका. लॅपटॉपला आठ कोर असतात, तिथे जी-वनच दिसणार. ज्या कंटेनरमध्ये, ज्या लिमिटखाली सेवा चालते तिथे आत शिरून चालवा. चालू असलेल्या सेवेसाठी 'जे-कमांड'ला प्रोसेस क्रमांक देऊन 'व्हीएम-फ्लॅग्ज' विचारता येतं.

तिसरी पायरी: मेमरीचा हिशेब कागदावर

कलेक्टर कुठला, यापेक्षा हीप किती, हा प्रश्न जास्त वेळा निर्णायक ठरतो. तरी लोक यावर कमीत कमी वेळ घालवतात.

काहीच सांगितलं नाही तर जेव्हीएम दिसणाऱ्या मेमरीच्या २५ टक्के एवढी कमाल हीप घेतो. 'दिसणाऱ्या' या शब्दात अपग्रेडची मोठी मेख आहे. लिनक्समध्ये कंटेनरच्या मर्यादा सी-ग्रुप नावाच्या यंत्रणेतून ठरतात आणि तिच्या दोन आवृत्त्या आहेत. जावा ८ च्या अपडेट ३७२ पूर्वीच्या बिल्डना दुसरी आवृत्ती वाचता येत नव्हती. त्यांना अख्खं मशीन दिसायचं. समजा मशीन ६४ जीबीचं आणि कंटेनर ४ जीबीचा. जुना जेव्हीएम म्हणायचा, माझी कमाल हीप १६ जीबी. अपग्रेडनंतर नवा जेव्हीएम खरी मर्यादा वाचतो आणि कमाल हीप १ जीबी ठेवतो. कोड तोच, स्क्रिप्ट तीच, आणि हीप सोळाव्या हिश्श्यावर. मग जीसी सारखं चालू राहतं आणि लोक म्हणतात, नवा जावा हळू आहे.

म्हणून हीप स्पष्ट सांगा. कंटेनरमध्ये 'मॅक्स-रॅम-पर्सेंटेज' सोयीचा, कारण कंटेनरची मर्यादा बदलली की हीपही आपोआप बदलते. आकडा ७०.० असा दशांश चिन्हासकट लिहा, जुन्या काही आवृत्त्यांना पूर्णांक चालत नसे. 'एक्स-एम-एक्स' (कमाल हीपचा थेट आकडा) दिला असेल तर टक्केवारी दुर्लक्षित होते, त्यामुळे दोन्ही एकत्र ठेवू नका. ठेवलेत तर पुढचा माणूस टक्केवारी बदलत राहील आणि काहीच होणार नाही.

७० का, ९५ का नाही? हीप म्हणजे जेव्हीएमची सगळी मेमरी नव्हे. ४ जीबीच्या कंटेनरचा हिशेब मांडू. ७० टक्के म्हणजे २.८ जीबी हीप. उरले १.२ जीबी. त्यात क्लासच्या माहितीचा मेटास्पेस आला. प्रत्येक थ्रेडचा स्टॅक आला, ६४ बिट लिनक्सवर तो डिफॉल्ट १ एमबीपर्यंत वाढू शकतो, म्हणजे २०० थ्रेड असतील तर २०० एमबीची तयारी हवी. कंपाइल झालेल्या कोडची कॅश आली, तिची डिफॉल्ट मर्यादा २४० एमबी. नेटवर्कच्या लायब्ररी वापरतात ते डायरेक्ट बफर आले. आणि कलेक्टरची स्वतःची वहीखातीही हीपबाहेरच असतात. पॅरललवरून जी-वनवर आलात तर ही वहीखाती वाढतात, कारण कुठल्या रीजनमधून (हीपच्या तुकड्यातून) कुठे बोट दाखवलंय याची नोंद जी-वन ठेवतो. हीप फार ताणून दिली तर एक दिवस कंटेनरच मारला जातो. एक्झिट कोड १३७ दिसतो आणि जावाच्या लॉगमध्ये एक अक्षरही नसतं. आउट ऑफ मेमरी एरर आली तर निदान जावा काहीतरी सांगून जातो. १३७ मध्ये तेही नाही.

सर्व्हरसाठी किमान हीप कमाल हीपएवढीच ठेवा असं मी सुचवतो. एकाच कंटेनरमध्ये एकच सेवा असेल तर वाचवलेली मेमरी कुणाच्या उपयोगाची नसते.

मोठ्या हीपवाल्यांसाठी एक गोष्ट: ३२ जीबीच्या खाली जेव्हीएम वस्तूंचे पत्ते आखडून चार बाइटमध्ये ठेवतो. ती रेषा ओलांडली की पत्ते आठ बाइटचे होतात. त्यामुळे ३१ वरून ३४ जीबीवर जाऊन बहुतेक वेळा जागा वाढण्याऐवजी कमी होते.

चौथी पायरी: लॉग चालू करा आणि वाचा

जीसीचा लॉग प्रॉडक्शनमध्ये कायम चालू हवा. त्याचा खर्च नगण्य आहे. 'एक्स-लॉग'मध्ये 'जीसी'पुढे तारांकन लावलं की जीसीचे सगळे टॅग येतात. त्यापुढे फाइलचं नाव, वेळ-अपटाइम-लेव्हल-टॅग एवढी सजावट, आणि किती फाइल किती आकाराच्या ठेवायच्या ते. मी २० एमबीच्या ५ फाइल ठेवतो. फाइल कंटेनरच्या बाहेरच्या डिस्कवर जायला हवी, नाहीतर पॉड (कंटेनर चालवणारं एकक) मेला की पुरावाही गेला.

आता एक ओळ जवळून बघू. इंग्रजीत ती सलग असते, मी वाचून दाखवतो तशी लिहितो:

जीसी ३७ – पॉज यंग, नॉर्मल – जी-वन इव्हॅक्युएशन पॉज – ८१२ एम वरून ३०१ एम – एकूण २०४८ एम – १४.२ मिलिसेकंद

सुरू झाल्यापासूनची ही ३७ क्रमांकाची नोंद. यंग भागाची साधी सफाई. आधी ८१२ एमबी भरलेले होते, नंतर ३०१ उरले, हीपचा सध्याचा आकार २०४८ एमबी. थ्रेड १४.२ मिलिसेकंद थांबले. इथे काळजी करण्यासारखं काही नाही. अशा शंभर ओळी खाली-खाली वाचत जा आणि फक्त 'उरले' हा आकडा बघा. तो हळूहळू चढतो आणि मग 'मिक्स्ड' लिहिलेल्या ओळींनंतर खाली येतो. मिक्स्ड फेऱ्या संपल्यावर जो तळ दिसतो तो तुमचा साधारण जिवंत डेटा. माझा ठोकताळा असा की हीप त्या तळाच्या निदान दुप्पट हवी. तळ स्वतःच दर दिवशी वर सरकत असेल तर ती मेमरी गळती आहे, आणि तिला जीसीच्या कुठल्याही सेटिंगचा उपाय नाही.

वाईट ओळी ओळखायला शिका. 'पॉज फुल' दिसलं की जी-वन हरला असं समजा. त्याला बाजूबाजूने साफ करायला वेळ पुरला नाही म्हणून त्याने सगळं थांबवून अख्खी हीप आवरली. कंसात कारण असतं. कारण 'सिस्टम डॉट जीसी' असेल तर दोष कलेक्टरचा नाही, कोडमधून कुणीतरी जीसी मागतंय. जुन्या आरएमआय (दुसऱ्या जेव्हीएममधला कोड बोलावण्याची जावाची पद्धत) वापरणाऱ्या सेवांमध्ये हे बरोबर तासातासाने दिसतं. अशा वेळी लोक स्पष्ट जीसी बंद करणारा फ्लॅग टाकतात. डायरेक्ट बफरची मर्यादा गाठली की जावाची लायब्ररी स्वतःच याच मार्गाने जीसी मागते, त्यामुळे तो मार्ग बंद करणं धोक्याचं ठरू शकतं. 'एक्सप्लिसिट-जीसी-इन्व्होक्स-कॉन्करंट' हा जास्त शहाणा पर्याय. मागणी मान्य होते, पण काम बाजूला चालतं.

दुसरी ओळ म्हणजे 'ह्युमंगस अलोकेशन'. पगारपत्रकांच्या सेवेला आम्ही दोन कोर दिले, जी-वन आला, आणि महिन्याअखेरीच्या लोडला ही ओळ पानभर दिसायला लागली. जी-वन हीपचे सारख्या आकाराचे रीजन करतो, साधारण २०४८ रीजन पडतील असं बघतो. आमची हीप २ जीबी, म्हणजे एक रीजन १ एमबीचा. अर्ध्या रीजनएवढी किंवा त्याहून मोठी वस्तू ह्युमंगस ठरते. ती यंग भागात जातच नाही, थेट सलग रीजन अडवून बसते आणि उरलेली जागा वाया जाते. आमच्या स्लिपांचे पीडीएफ बाइटच्या अॅरेमध्ये तयार व्हायचे. कंपनीचा लोगो धरून एकेक ७०० ते ८०० केबीचा. म्हणजे प्रत्येक स्लिप ह्युमंगस! रीजनचा आकार ४ एमबी केला आणि त्या ओळी थांबल्या. खरा उपाय नंतर झाला. पीडीएफ पूर्ण मेमरीत न बांधता थेट आउटपुटमध्ये लिहायला लागलो आणि लोगोही लहान केला. रीजनचा फ्लॅग मग काढून टाकला.

तिसरी खूण नवख्यांना सहसा कुणी दाखवत नाही. लॉगमध्ये प्रत्येक पॉजनंतर सीपीयूची एक ओळ असते: युजर, सिस आणि रिअल. सफाई चार थ्रेडांनी केली तर युजरचा आकडा रिअलपेक्षा मोठा असायला हवा, कारण चौघांची मेहनत त्यात बेरीज होते. उलट युजर ०.०५ सेकंद आणि रिअल ०.३१ सेकंद असं दिसलं तर जीसीने काम थोडंच केलं, उरलेला वेळ तो सीपीयूची वाट बघत बसला. कंटेनरला दर १०० मिलिसेकंदांत ठरावीकच सीपीयू मिळतो. जीसीच्या थ्रेडांनी तो वाटा एकदम संपवला की पुढच्या हप्त्यापर्यंत सगळं गोठतं. अशा वेळी कलेक्टर बदलून काही होत नाही. सीपीयूची लिमिट वाढवा नाहीतर जीसीचे थ्रेड कमी करा.

पाचवी पायरी: कलेक्टर निवडा

आत्तापर्यंतचं केलं असेल तर बहुतेकांची निवड आपोआप झालेली असते. जी-वन. वेब सेवा, हीप १ ते ३० जीबी, दोन किंवा जास्त कोर: जी-वन ठेवा आणि त्याच्या पॉजच्या लक्ष्यालाही हात लावू नका. 'मॅक्स-जीसी-पॉज-मिलीज' डिफॉल्ट २०० असतो. तो २० केला की पॉज २० चे होतील असा समज असतो. ते लक्ष्य आहे, हमी नाही. लक्ष्य आवळलं की जी-वन यंग भाग आक्रसत नेतो, सफाया वारंवार होतात, वस्तू मरण्याआधीच माळ्यावर चढतात आणि एकूण काम मंदावतं.

रात्रीची बॅच असेल, म्हणजे समोर कुणी वाट बघत नाही आणि सकाळपर्यंत काम उरकलं की झालं, तर पॅरलल अजूनही उत्तम आहे. लोक त्याला जुना म्हणून टाकतात, ते मला पटत नाही. दोन सेकंदांचा पॉज आला तर बॅचला त्याचं काहीच वाटत नाही.

सीरियल लहान सेवांसाठी ठीक: एक कोर, शंभर-दोनशे एमबी हीप. पण तो तुम्ही स्वतः फ्लॅग देऊन निवडा. आमच्यासारखा नकळत मिळालेला नको.

झेड-जीसी तेव्हा, जेव्हा हजारातली एक रिक्वेस्टही अडकलेली चालत नाही. पेमेंट, बोली, लाइव्ह किमती. त्याचे पॉज मिलिसेकंदाच्या आतले असतात आणि हीप वाढली म्हणून ते वाढत नाहीत. हा जावा ११ मध्ये प्रायोगिक म्हणून आला, १५ मध्ये प्रॉडक्शनसाठी तयार झाला. आवृत्तीप्रमाणे त्याचं वागणं बदलतं, म्हणून नीट वाचा. जावा २१ वर नुसता 'युज-झेड-जीसी' दिला तर जुना, पिढ्या (यंग आणि ओल्ड असे भाग) न करणारा प्रकार मिळतो. पिढ्या करणारा हवा तर सोबत 'झेड-जनरेशनल' द्यावा लागतो. २३ पासून पिढ्यांचा प्रकार डिफॉल्ट झाला आणि २४ मध्ये जुना काढूनच टाकला. २१ वर झेड-जीसी आजमावून निराश झालेल्या कितीतरी जणांनी दुसरा फ्लॅग दिलेलाच नसतो. त्याची किंमतही लक्षात घ्या. आखडलेले पत्ते झेड-जीसीत नाहीत, त्यामुळे तोच डेटा जास्त जागा घेतो. सफाई बाजूला चालते म्हणून सीपीयू आणि मोकळी हीप दोन्ही शिलकीत हवेत. नाहीतर लॉगमध्ये 'अलोकेशन स्टॉल' दिसतं. म्हणजे थ्रेडला मेमरी हवी होती आणि कलेक्टर मागे पडला. पॉज शून्याजवळ दाखवणारा ग्राफ आणि तरीही अडकलेल्या रिक्वेस्ट, असं कोडं पडलं तर हा शब्द शोधा.

शेनान्डोआही याच जातीचा, लहान पॉजसाठी. ओरॅकलच्या स्वतःच्या बिल्डमध्ये तो नसतो, हे आधी तपासा.

सहावी पायरी: खरा लोड लावा, एका वेळी एकच बदल

लोड टेस्ट म्हणून पाच मिनिटं एकच यूआरएल ठोकत राहणं उपयोगाचं नाही. जेव्हीएम गरम व्हायलाच काही मिनिटं लागतात, आणि ओल्ड भाग भरून मिक्स्ड फेऱ्या दिसेपर्यंत अजून वेळ जातो. निदान एक तास चालवा. आणि लोड तुमच्या वाईट दिवसाचा घ्या. आमचा वाईट दिवस तीस तारीख होती आणि आम्ही टेस्ट केली होती दहा तारखेच्या लोडवर. तुमचा कदाचित सोमवारची सकाळ असेल, किंवा दिवाळीच्या सेलची रात्र.

सरासरी रिस्पॉन्स टाइम बघून काही कळत नाही, पॉज सरासरीत लपून जातात. शंभरातली नव्व्याण्णवावी आणि हजारातली नऊशे नव्व्याण्णवावी रिक्वेस्ट किती वेळ घेते ते बघा. सोबत लॉगमधून एका तासातल्या पॉजची बेरीज काढा. तासाच्या एक-दोन टक्क्यांपेक्षा कमी वेळ जीसीत जात असेल आणि लांब पॉज कुणाला बोचत नसेल, तर काम झालं. पुढे काही बदलू नका.

बोचत असेल तर एकच गोष्ट बदला आणि तोच लोड परत लावा. आधी हीप. मग सीपीयू. मग कोडमधली अनावश्यक वस्तूंची निर्मिती. यातलं काहीच लागू पडलं नाही तरच फ्लॅग. हा क्रम मी मुद्दाम सांगतोय, कारण फ्लॅग बदलणं सगळ्यात सोपं असतं म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. आमच्या टीममध्ये नुकतीच आलेली एक मुलगी मला म्हणाली होती, "दादा, या ब्लॉगवर चौदा फ्लॅग दिलेत, सगळे टाकून बघू का?" मी तिला प्रत्येकासमोर एक वाक्य लिहायला सांगितलं: हा फ्लॅग नसेल तर आपल्या लॉगमध्ये काय वाईट दिसेल. संध्याकाळपर्यंत दोन फ्लॅग उरले. एक हीपचा, एक लॉगचा.

सोडताना

आधी एकाच पॉडवर नवी सेटिंग सोडा, बाकीचे जुन्यावर ठेवा, आणि दोघांचे लॉग शेजारी-शेजारी ठेवून निदान एक पूर्ण आठवडा बघा. महिन्याच्या ठरावीक दिवशी झुंबड असणारी सेवा असेल तर तो दिवस त्या काळात यायलाच हवा. शुक्रवारी संध्याकाळी सोडू नका.

जुनी ओळ जपलेली आहे म्हणून रोलबॅक तयार आहे असं समजू नका. ती ओळ नव्या जावावर उठणार नाही. रोलबॅक म्हणजे जुना जावा, जुनी इमेज आणि जुनी ओळ, तिन्ही एकत्र. ते एकदा खरोखर करून बघा, टेस्टच्या मशीनवर का होईना.

आणि कॉन्फिग फाइलमध्ये प्रत्येक फ्लॅगच्या वर एक कॉमेंट लिहा: कधी टाकला, लॉगमध्ये काय दिसलं म्हणून टाकला, आणि कुठल्या जावावर मोजला. आमच्या त्या फाइलमध्ये आजही रीजनच्या फ्लॅगची एक काढून टाकलेली ओळ कॉमेंट म्हणून आहे. तिच्याखाली लिहिलंय: स्लिपचा पीडीएफ परत ५०० केबीवर गेला तर हे आठवा.